पणजीतला मिनिएचर क्लास: सहा रविवार आणि सव्वा इंचाची आदोळी (विळी)

गेल्या वर्षी मी ऑनलाईन डॉलहाऊसचं किट मागवलं होतं, लेझरने कापलेले एमडीएफचे (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचे) तुकडे, इवल्याशा बाटलीत गम आणि नुसत्या चित्रांचा कागद. पंधरा दिवस रात्री बसून जोडलं, शोकेसमध्ये ठेवलं, आणि जुलैमध्ये बघते तर भिंती फुगलेल्या, दारं बसेनात. फोंड्याच्या पावसात कच्चं एमडीएफ टिकत नाही हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. फार वाईट वाटलं होतं तेव्हा. म्हणून यंदा जूनमध्ये मैत्रिणीने सांगितलं की पणजीत मळा भागात एक टीचर मिनिएचर, म्हणजे खऱ्या वस्तूंच्या इवल्याशा प्रतिकृती, शिकवतात, तर त्याच दिवशी फोन करून नाव घातलं. टीचर घरीच क्लास घेतात म्हणून नावपत्ता इथे टाकत नाही. सहा रविवार, सकाळी दहा ते एक, फी साडेपाच हजार, सामान त्यातच.

पहिल्या रविवारी कुणालाच गमला हात लावू दिला नाही. टीचरनी प्रत्येकीच्या हातात मेजरटेप दिली आणि त्यांच्याच स्वयंपाकघरातल्या वस्तू मोजायला लावल्या, दार, ओटा, कळशी, पोळपाट, सगळं. डॉलहाऊसचं नेहमीचं स्केल 1:12, म्हणजे खऱ्यातला एक फूट इथे एक इंच, सात फुटांचं दार सात इंचांचं. कुणी अंदाजाने काही कापायला घेतलं की टीचर म्हणणार, "पयलीं माप, मागीर गम!" मला हा क्लास आवडला तो ह्या एका गोष्टीसाठी. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी भातुकली आपण सगळ्यांनी खेळलीय, ती सुंदरच असते, पण त्यात चूल आणि घागर साधारण एकाच उंचीची असते, कारण ती मुलांच्या हातात मावायला केलेली असते. मिनिएचरमध्ये तसं चालत नाही, एक वस्तू जरी मापाबाहेर गेली तरी अख्खी खोली खोटी दिसायला लागते. टीचरनी इंग्लंडच्या क्वीन मेरीच्या डॉल्स हाऊसचे फोटो दाखवले, 1924 साली पूर्ण झालेलं, विंडसर कॅसलमध्ये आहे, तेही 1:12 च, आणि त्यात लाइट लागतात, नळाला पाणी येतं! डिझाइन एडविन लुटियन्सचं, म्हणजे नवी दिल्लीवाले लुटियन्स तेच. एवढा मोठा आर्किटेक्ट इतक्या लहान नळाचा विचार करत बसला होता, हे ऐकून मला खूप बरं वाटलं.

प्रत्येकाने आपल्या घरातला एक कोपरा करायचा होता, मी आजीच्या रांधपाचा, म्हणजे स्वयंपाकाचा, घेतला. आजीच्या आदोळीचा पाट 15 इंचांचा आहे, म्हणजे माझा सव्वा इंचाचा. पातं कोल्ड्रिंकच्या कॅनच्या पत्र्याचं, पण एक थर वाकतो म्हणून दोन चिकटवले, आणि टोकाला खोबरं किसायचे दात, तिकोनी कानशीने पाच खाचा, त्याला पाऊण तास लागला. मग नारळाची वाटी, 9 मिलिमीटरची. बाहेरून तपकिरी पॉलिमर क्ले (ओव्हनमध्ये भाजून कडक होणारी माती), त्यावर जुना टूथब्रश दाबून दाबून काथ्याचा खरखरीतपणा आणायचा, आत पांढऱ्याचा पातळ थर. पण नुसता पांढरा क्ले प्लॅस्टिकसारखा दिसतो, त्यात थोडा ट्रान्सलूसंट क्ले मिसळला की खोबऱ्याचा ओलसरपणा येतो. आणि किसलेलं खोबरं कसं केलं माहितीये? तोच क्ले गोळा करून भाजायचा आणि जायफळाच्या किसणीवर किसायचा! पोयीचा, म्हणजे आपल्या गोव्याच्या पावाचा, वरचा रंग सुक्या पेस्टल खडूची पूड ब्रशने लावून आणला, भाजायच्या आधी.

चौथ्या रविवारी माझी आदोळी तयार झाली, मी खूश होते. टीचरनी ती तळहातावर घेतली आणि विचारलं, ह्याच्यावर कोण बसतं? मला कळेना. घरी येऊन आईला दाखवली तर आईने चष्मा लावला आणि पहिलं वाक्य, "गो, बसायच्या जागी झीज खंय आसा?" आमच्या आदोळीचा पाट मध्ये गुळगुळीत, काळसर आणि किंचित खोल झालाय, तीन पिढ्या बसून बसून. मग मी परत सँडपेपर मारला आणि तेवढ्याच जागी तपकिरी पूड घासली. तेव्हापासून सारखी बघत असते, कुठे हात लागतो, कुठे धूर बसतो.

पावसाबद्दल टीचर जे शिकवतात त्यासाठी तरी गोव्यातल्या माणसाने गोव्यातच शिकावं. फेव्हिक्विक हवेतल्या ओलाव्यानेच पकडतं म्हणून पावसात पटकन बसतं, पण त्याच्या वाफेने पारदर्शक गोष्टींवर पांढरी झाक येते, म्हणून खिडक्यांना ते लावायचंच नाही. फेव्हिकॉल उलट, सुकायला वेळ घेतो आणि पातळ लाकूड वाकवतो, वर वजन ठेवून रात्रभर सोडायचं. आणि वार्निश दोन्ही बाजूंना, मागच्याही. आमच्या बॅचमधल्या एका रिटायर्ड काकांनी अख्खा बलकांव, म्हणजे घरापुढचा बसायचा व्हरांडा, केला, अंड्याच्या ट्रेचे तुकडे कापून रंगवलेले चिरे, खरोखर जांभ्यासारखे भोकाभोकांचे. शिंपल्यांच्या खिडक्यांसाठी ते मुद्दाम तोर्ड्याच्या हाऊसेस ऑफ गोवा म्युझियममध्ये जाऊन बघून आले, मग ट्रेसिंग पेपरवर मोतिया नेलपॉलिश लावून 6 मिलिमीटरचे चौकोन कापले.

आता जे आवडलं नाही ते. कटरची पाती बोथट होती, आणि बोथट पातं जास्त जोर लावायला लावतं, एका मुलीचं बोट कापलं, अशा क्लासमध्ये दर रविवारी नवं पातं द्यायलाच हवं. ओटीजी (छोटा ओव्हन) एकच आणि त्याचा काटा भरवशाचा नाही, आमच्या क्लेला 130 डिग्री हवे होते, आतला थर्मामीटर त्याहून बराच वर दाखवत होता आणि तोपर्यंत दोघींच्या पोया करपल्या होत्या. आणि लाइटचं काम शेवटच्या रविवारी शेवटच्या अर्ध्या तासात उरकलं, एलईडीच्या वायरी भिंतीआड कशा न्यायच्या हे मला अजून नीट येत नाही, त्याला अख्खा एक रविवार हवा होता. टीचरना सांगितलंय, त्यांनी मान्य केलं.

जाणार असाल तर स्वतःची स्टीलची पट्टी आणि नवी पाती घेऊन जा, प्लॅस्टिकची पट्टी कटरने कापली जाते. फोंड्याहून कदंबाने येणाऱ्यांनी नऊच्या आत बस पकडावी, उशीर झाला तर मापं सांगून झालेली असतात. चवथीआधी दोन रविवार फक्त माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या मांडवीचे, आहेत, मी नाव घातलंय, सुपारीचा घड करायचाय आणि त्यातली एकेक सुपारी साडेतीन मिलिमीटरची येते, मोजून ठेवलीय.