सिम्युलेशननंतरची चर्चा: नुसती बोलून की व्हिडिओ लावून?

सिम्युलेशन म्हणजे खऱ्या पेशंटऐवजी पुतळ्यावर वगैरे केलेला सराव. त्यानंतरची चर्चा कशी घ्यावी, हा प्रश्न धुळ्याच्या एका इन्चार्ज सिस्टरांना नव्याने भरती झालेल्या नर्सेससाठी पडलाय.

खर्चात बोलणं सरस. गोल खुर्च्या आणि ऐकून घेणारी एक सीनियर, बस. व्हिडिओला कॅमेरा, संमती आणि नंतर क्लिप पुसायची जबाबदारी. शिवाय क्लिपमधली नेमकी जागा शोधण्यात वेळ जातो.

नेमकेपणात मात्र व्हिडिओ. सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबताना, मिनिटाला 100 ते 120 दाब हवेत. ‘मी बरोबरच दिले’ म्हणणारीला मोजून दाखवता येतात. पण चूक का झाली, हे कॅमेरा सांगत नाही. ‘तेव्हा मनात काय चाललं होतं?’ हे अहिराणीत विचारलं, की घाबरलेली पोरही मोकळी होते. (सगळ्यांसमोर स्वतःला पडद्यावर पाहणं कुणाला आवडतं?)

अगदी नव्यांना बोलणंच. हात बसलेल्यांच्या टीम-सरावाला व्हिडिओ, तोही दोन-तीन तुकडेच.