रतनवाडीचा मुक्काम: भाकरीला पैकीच्या पैकी, घड्याळाला शून्य

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी रात्री आम्ही चौघीजणी रतनगड चढायला म्हणून रतनवाडीत उतरलो. वयं ५२ ते ६१, गुडघे मिळून आठ, त्यातले धड पाच. शेंडी गावात अभयारण्याची पावती फाडायची, भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालत यायचं, की पाण्याच्या शेपटाला ही वाडी. मुक्काम अमृतेश्वराच्या देवळाजवळ एका घरी. दाराला पाटीच नाही, तर नाव काय सांगू? देवळापाशी कुणालाही ‘जेवणाची सोय’ विचारा, अशी दोन-चार घरं दाखवतील.

जेवणाचं आधी सांगते. नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, ठेचा आणि नव्या तांदळाचा वाफाळता भात. मावशी तव्यावरची भाकरी थेट ताटात टाकत होत्या. मी तीन खाल्ल्या, आमच्या डॉक्टरांना सांगू नका. झोपायला ओसरीवर गाद्या, स्वच्छ पण पातळ. दोन गोधड्यांवर शाल घेऊनही थंडी वाजत होती. संडास घरामागे, तेव्हा टॉर्च न्या.

घोळ झाला सकाळी. साडेपाचचा चहा मिळाला सातला. शनिवारी हा दीड तास फार महागात पडतो, कारण रतनगडाच्या गणेश दरवाज्याखाली लोखंडी शिड्या आहेत आणि चढणाऱ्यांना वाट मिळायची तर उतरणाऱ्यांनी थांबावं लागतं. आम्ही पोचलो तेव्हा दोन मोठे ग्रुप आधीच रांगेत. पाऊण तास कड्याला टेकून उभ्या होतो.

वाटाड्या म्हणून आलेला घरचाच पोरगा मात्र सोन्यासारखा. ‘दीड तासात गडावर, मावशी’ असं म्हणाला होता, आम्हाला साडेतीन लागले. पण एकदाही घाई केली नाही. प्रवरेचं पात्र वाटेत पुन्हा पुन्हा आडवं येतं, तिथे दर वेळी थांबून हात दिला. (भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ पासून अडवतंय ती हीच प्रवरा. इथे माझे बूटसुद्धा नीट भिजले नाहीत.) जंगलात कात्राबाईच्या खिंडीकडे, म्हणजे हरिश्चंद्रगडाकडे वाट फुटते. आमच्या पुढचे दोघे बिनधास्त तिकडेच निघाले होते, त्यांना यानेच हाका मारून वळवलं. त्यांनी वाटाड्या घेतला नव्हता, हे सांगायला नको.

वर नेढ्यात, म्हणजे खडकाला आरपार पडलेल्या भोकात, वारा असा की टोपी हातात धरून बसलो. त्याने कळसूबाई, अलंग, मदन, कुलंग बोटाने दाखवले, मग पाण्याच्या कडेला आपलं घर. ‘ते बघा, आजीनं चूल पेटवली.’ मला काही दिसलं नाही, पण मान डोलावली.

मुक्काम, दोन जेवणं, नाश्ता मिळून माणशी ८०० रुपये, वाटाड्याचे सगळ्यांत मिळून १०००. आमच्या एकीच्याही फोनला रेंज नव्हती, म्हणून रोख न्या. मी पुन्हा जाणार आहे, पण मधल्या वारी, आणि चहा रात्रीच थर्मासात भरून घेणार.