लीचेटसाठी डीटीआरओ युनिट : उन्हाळा-पावसाळा चालवल्यानंतरचा अनुभव

कोल्हापुरात कचरा डेपोचं पाणी वर्षातून दोनदा रूप बदलतं. मे महिन्यात लीचेट (कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी) थोडं, पण काळं, दाट आणि खारट. जुलैत पातळ होतं, पण टाकीत मावत नाही. डीटीआरओ (चकत्यांच्या मोड्यूलमधून दाबाने पाणी गाळणारं आरओ मशीन) या दोन्ही दिवसांत चालवून आमचं मत असं: मशीन दमदार आहे, पण ते घाण संपवत नाही, फक्त वेगळी काढतं. म्हणून घेण्याआधी रिजेक्टचं, म्हणजे गाळून उरलेल्या दाट पाण्याचं, काय करणार ते ठरवा.

साध्या स्पायरल मेंब्रेनमधल्या (गुंडाळलेल्या गाळणपडद्यातल्या) जाळीत लीचेटचा गाळ अडकतो. डीटी मोड्यूलमध्ये अष्टकोनी मेंब्रेन आणि प्लास्टिकच्या चकत्या एका रॉडवर आलटून पालटून ओवलेल्या असतात, त्यामुळे पाण्याची वाट मोकळी राहते. तरी आधी सँड फिल्टर आणि १० मायक्रॉनचं कार्ट्रिज हवंच.

खरं लक्ष मागतं ते ॲसिड डोसिंग. पीएच ६ ते ६.५ ठेवला की अमोनियाचा अमोनियम होऊन तो मेंब्रेनला अडतो आणि कार्बोनेटचा थर बसत नाही. अल्कलिनिटी (पाण्याची ॲसिड पचवायची क्षमता) ५,००० मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर घनमीटरमागे ९८ टक्क्यांचं सल्फ्युरिक ॲसिड साधारण ३ किलो लागतं. ॲसिड पडताच कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तपकिरी फेस टाकीच्या काठापर्यंत चढतो. टाकी कधीच पूर्ण भरू नका, डोसिंग सावकाश करा. फेस मारायला सिलिकॉनचं अँटीफोम टाकलंत तर ते मेंब्रेनवर जाऊन बसतं. याच टाकीतून हायड्रोजन सल्फाइडही निघतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि सडक्या अंड्यांचा वास येईनासा होतो. तेव्हा वास गेला म्हणून कुणीही झाकण उघडू नये. टाकीला व्हेंट आणि ऑपरेटरच्या अंगावर गॅस मीटर नसेल तर युनिट सुरूच करू नका.

२०१६ च्या घनकचरा नियमांत नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला सीओडी (सेंद्रिय घाणीचं मोजमाप) २५० आणि अमोनियाकल नायट्रोजन ५० मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा होती. सीओडी पहिल्या पासमध्येच (मेंब्रेनमधून पहिल्या फेरीतच) मर्यादेत बसतो, अमोनिया नाही. फीडमध्ये (मशीनमध्ये येणाऱ्या पाण्यात) तो १,५०० असेल तर ७० टक्के रिकव्हरीला (फीडपैकी इतकं पाणी गाळून काढताना) शेवटच्या मोड्यूलपर्यंत ५,००० च्या जवळ पोचतो. ९७ टक्के अडला तरी एकत्रित परमिएटमध्ये (गाळून आलेल्या पाण्यात) ७५ च्या पुढे राहतो. दुसरा पास ‘ऑप्शनल’ म्हणून कोटेशनमध्ये आला तर तो मुळातच धरा.

धुलाईत क्रम चुकवू नका. आधी कॉस्टिक सोड्याने पीएच ११ च्या आत, ३५ अंशांवर. मग सायट्रिक ॲसिडने. उलटं केलं तर ह्युमिक ॲसिड (कुजलेल्या कचऱ्याचं तपकिरी द्रव्य) मेंब्रेनवरच साकळतं. द्रावण परमिएटमध्येच बनवा; बोअरच्या जड पाण्यात कॉस्टिक टाकलं की चुना तिथेच बसतो. फ्लो १० ते १५ टक्के उतरला की धुवायचं, पण तो तापमानाचा फरक वजा करून बघा: एका अंशाला सुमारे ३ टक्के फरक पडतो, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी मेंब्रेन उगीच चोंदल्यासारखं वाटतं.

परमिएटची कंडक्टिव्हिटी (क्षार किती ते सांगणारी वाहकता) अचानक चढली तर प्रत्येक मोड्यूलचं वेगळं सॅम्पल घ्या. एकच चढलेला निघाला तर बहुधा ओ-रिंग गेलेली असते किंवा मेंब्रेन फाटलेलं असतं. प्लंजर पंपाच्या कामाला कोल्हापूरच्या उद्यमनगरातले कारागीर पुरे पडतात. ओ-रिंग आणि मेंब्रेन मात्र जवळ साठवून ठेवा.

आता रिजेक्ट. १०० घनमीटर फीडमागे ३० घनमीटर उरतं. ते परत कचऱ्यावर सोडलं तर काही महिन्यांत फीडचीच कंडक्टिव्हिटी आणि अमोनिया वाढतो, प्रेशर चढतं, रिकव्हरी पडते. सोलर पाँड (उन्हात पाणी वाळवायचं तळं) इथल्या पावसात उपयोगाचं नाही. फेंटन (पेरॉक्साइड आणि लोखंडाने घाण मोडायची प्रक्रिया) सुचवणाऱ्यांना आकडा विचारा: एक किलो सीओडीला हिशोबाने २.१ किलो शुद्ध पेरॉक्साइड, म्हणजे ८,००० सीओडीच्या रिजेक्टला घनमीटरमागे ५० टक्क्यांचं सुमारे ३४ किलो. वर लोखंडी गाळ निघतो आणि मीठ आहे तिथेच. एव्हॅपोरेटर (पाण्याची वाफ करून काढणारा) महाग असला तरी क्षार बाहेर काढणारा तोच पर्याय. त्याचा वीजखर्च प्रति घनमीटर रिजेक्ट असा लेखी मागा, आणि निघणारं मीठ-गाळ कोण उचलणार हेही त्याच कागदावर लिहून घ्या.