श्रीवर्धन की रत्नागिरी? मराठवाड्यातून गाडीने निघणाऱ्या दोघांसाठी

मराठवाड्यातून समुद्र गाठायचा म्हणजे एक दिवस जायला, एक यायला. हाती राहतो तो मधला दिवस. तो किनाऱ्यावरची गावं गाडीने फिरण्यात घालवायचा असेल तर दोन टापू सोयीचे पडतात: हरिहरेश्वर–श्रीवर्धन–दिवेआगर किंवा रत्नागिरी–आरेवारे–गणपतीपुळे–जयगड. कुठे जायचं हे निम्मं तुमच्या गावावरूनच ठरतं.

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीडकरांनी पुणे–ताम्हिणी–माणगाव धरावं. संभाजीनगरहून श्रीवर्धन साधारण 400 किलोमीटर पडतं. लातूर, धाराशिव, नांदेडवाल्यांनी पुण्याच्या गर्दीत शिरायचं कारण नाही. नागपूर–रत्नागिरी महामार्ग त्यांना जवळचा: तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि पुढे आंबा घाट. लातूरहून रत्नागिरी पावणेपाचशेच्या आसपास.

ताम्हिणी असो की आंबा, घाट दिवसाउजेडी उतरा. सपाटीवर चालवायची सवय असलेला माणूस उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवतो. ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. जो चढ ज्या गिअरमध्ये चढला असता तो उतारही त्याच गिअरमध्ये, म्हणजे बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्यात, उतरायचा. पावसाळ्यात दोन्हीकडे धुकं आणि दरडी असतात. हा बेत नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा.

आता मधला दिवस. आपल्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे आणि कोकणचा समुद्र पश्चिमेला. म्हणून दक्षिणेकडून उत्तरेकडे निघा. समुद्र डाव्या हाताला, शेजारी बसलेल्याच्या खिडकीत येतो आणि थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. रत्नागिरी–जयगड हा क्रम आपोआप तसाच आहे. श्रीवर्धनकडे मात्र बहुतेक लोक दिवेआगरहून सुरुवात करतात आणि उलटे फिरतात. मुक्काम हरिहरेश्वरला ठेवला की प्रश्न मिटतो. चालवणाऱ्याचे डोळे वळणांवरच असतात, तेव्हा श्रीवर्धन आणि दिवेआगरच्या मधल्या शेखाडीला जागा बदला.

गाडी चालवण्याचाच आनंद हवा असेल तर श्रीवर्धन–शेखाडी–दिवेआगर हा तुकडा सरस. रस्ता पाण्याला खेटून जातो, मध्ये कोळ्यांच्या वाड्या लागतात. हरिहरेश्वरपासून सगळं मिळून चाळीसेक किलोमीटरच, त्यामुळे घाई नाही. दिवेआगरचा किनारा लांब आणि सपाट; आई-वडील सोबत असतील तर चालायला हाच बरा.

इथे अडतं ते हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेपाशी. देवळामागे पायऱ्या उतरून खडकांवरून जाणारी ही वाट ओहोटीलाच मोकळी होते आणि शेवाळलेल्या खडकावर चप्पल टिकत नाही. वेळ काढायला घरचं कॅलेंडर पुरतं: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती, आणि तिच्यापासून साधारण सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या आसपास येते, म्हणजे दिवसाचा चांगला वेळ गेला. हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने मागेपुढे होतो, म्हणून शेवटचा शब्द देवळाजवळच्या दुकानदाराचा. गणपतीपुळ्याला ही कटकट नाही. तिथली प्रदक्षिणा डोंगराभोवतीच्या बांधलेल्या वाटेने, केव्हाही करता येते. पण तिथल्या पाण्यात पोहायला उतरू नका. तळ लवकर खोल होतो आणि परतणारी लाट ओढते.

रत्नागिरीच्या बाजूने एक चूक हमखास होते. कोल्हापूरहून आलेल्यांना मोबाइलचा नकाशा हातखंब्याहून निवळीमार्गे गणपतीपुळ्याला नेतो. रस्ता चांगला, पण समुद्र शेवटपर्यंत दिसत नाही. सरळ रत्नागिरी शहरात जा आणि तिथून शिरगाव, आरेवारे करत निघा. आरेवारेच्या चढावर गाडी बाजूला घेतली की खाली आरे आणि वारे हे दोन्ही किनारे एकदम दिसतात. पुढे मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, मग जयगडचा किल्ला. बघण्यासारखं या बाजूला जास्त आहे. समुद्राकाठचा सलग रस्ता मात्र कमी.

जयगडहून फेरीबोटीत गाडी घालून तवसाळला उतरलात तर हेदवी, वेळणेश्वर, गुहागरही गाठता येतं. पण शेवटच्या फेरीची वेळ सकाळीच विचारून ठेवा. ती चुकली तर गुहागरहून रस्त्याने परत येणं म्हणजे शंभरहून जास्त किलोमीटरचा वळसा. मुक्काम गणपतीपुळ्यात असेल तर खाडी ओलांडूच नये. हरिहरेश्वरजवळ बागमांडला–वेश्वी फेरी आहे. वेळासला कासवं बघायची असतील तरच तिच्या नादी लागा.

जेवणाचं दोन्हीकडे सारखंच. घरगुती खानावळीत आयत्या वेळी पान मिळत नाही आणि मोदक तर नाहीच. सकाळी फोन करून सांगावं लागतं. भाकरी मागितली तर तांदळाची येईल.

वाळूत गाडी घालू नका. ओली वाळू टणक वाटते, पण थांबल्यावर चाकाखालून पाणी झिरपतं आणि चाक बसतं. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नका, चाक आणखी खड्डा करतं. हवा निम्म्यावर आणा, ज्या चाकांना इंजिनचा जोर मिळतो त्यांच्यापुढे गाडीतले रबरी मॅट सारा आणि पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढा. घरी पोचल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. वरून पुसलेली गाडी चकचकीत दिसते, पण मीठ सायलेन्सर आणि ब्रेकच्या नळ्यांवरच साचतं.