खड्डा कोण बुजवणार? लॉस एंजेलिस काउंटी आणि आपली जिल्हा परिषद

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, जवळपास १ कोटी माणसं आणि कारभार बघणारे निवडून आलेले पर्यवेक्षक अवघे ५. ही संख्या ९ करायला मतदारांनी २०२४मध्ये मंजुरी दिली. आपल्या जिल्हा परिषदेत ५० ते ७५ सदस्य. माणूस तालुक्यातला, लग्नकार्यात भेटणारा. इथे आपण नक्कीच सरस. पण २०२२नंतर बऱ्याच जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षं प्रशासकच होते, तेव्हा लोकांनी दार ठोठावायचं कुणाचं?

खरा फरक पैशात आहे. काउंटीच्या घरपट्टीच्या बिलावर मूळ १ टक्का कर, मतदारांनी मान्य केलेल्या कर्जाचा हप्ता, पूरनियंत्रणाचा आकार असं ओळीने छापलेलं असतं. आपण कशाचे पैसे भरतो ते समोर दिसतं. जिल्हा परिषदेचा बहुतांश पैसा वरून, राज्याकडून येतो. गावच्या रस्त्याकडेच्या फलकावर ‘लेखाशीर्ष ३०५४’ लिहिलेलं असतं. ते रस्ते-पुलांचं खातं, हे कुणी समजावून सांगत नाही. मला हे मनापासून खटकतं.

रस्ता नेमका कुणाचा, ही शोधाशोध मात्र दोन्हीकडे आहे. काउंटी शहरांच्या हद्दीबाहेरचे रस्ते बघते. जिल्हा परिषद ग्रामीण आणि इतर जिल्हा मार्ग, त्याहून मोठे सार्वजनिक बांधकाम खात्याकडे.