पंचवीसची म्हणून दिलेली वायर

जुन्या पिकअपवर बांधलेली आमची मिसळीची गाडी आहे. उन्हाळ्यात तिला दुसरी बॅटरी बसवून घेतली. मिक्सर आणि दिवे तिच्यावर चालवायचे, इंजिनाची बॅटरी स्टार्टरला राखून ठेवायची, असा बेत. बॅटरी केबिनच्या पाठीमागे, इन्व्हर्टर मागच्या दाराशी. प्लस-मायनस मिळून आठ मीटर वायर लागली. बिलावर लिहिलं होतं, '२५ स्क्वेअर एमएम, प्युअर कॉपर', म्हणजे आतल्या तांब्याचाच छेद २५ चौरस मिलिमीटर. दिसायलाही करंगळीएवढी जाड. मी कशाला शंका घेतोय!

पहिल्याच दिवशी वाटण लावलं आणि इन्व्हर्टर टीं टीं करत बंद. सगळं बसवून देणारा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "बॅटरीत दम नाही, दादा." बॅटरी बदलली, साडेसहा हजार गेले. आठवडाभरात परत तेच. शिवाय वायर हाताला गरम लागायला लागली.

शेवटी गल्लीतल्या मोटर रिवाइंडिंगवाल्या काकांना बोलावलं. मिक्सर चालू ठेवून त्यांनी मीटर लावला. बॅटरीवर १२.१ व्होल्ट, इन्व्हर्टरपाशी १०.७. वायरीभोवती अडकवून करंट मोजायच्या क्लॅम्प मीटरवर ६० अँपिअर. "जवळजवळ दीड व्होल्ट वायरच खातेय," काका म्हणाले आणि पाठकोऱ्या बिलावर हिशोब मांडला: ६० अँपिअर गुणिले आठ मीटर गुणिले ०.०१७५ (हा तांब्याच्या रोधाचा आकडा), भागिले २५. आलं ०.३४ व्होल्ट. लांबी धरताना जाणं-येणं दोन्ही मोजायचं, हे मला तेव्हा कळलं. खरी तांब्याची पंचवीसची असती तर एवढी गळती झालीच नसती.

मग त्यांनी वायरीच्या टोकाचा लग (जोडणीचा धातूचा तुकडा) कापला आणि ब्लेडने एक तार खरवडली. वरचा लालसर मुलामा निघाला आणि आत पांढरंफटक ॲल्युमिनियम. त्यात तारांचा जुडगा जेमतेम दहाचा. बाकी सगळी जाडी प्लॅस्टिकची! गाडीतल्या तराजूवर अख्खी वायर टाकली, सव्वा किलो भरली. आठ मीटर पंचवीसच्या वायरीत नुसतं तांबंच पावणेदोन किलोच्या वर असतं. मटकी रोज तोलून घेणारा मी, वायर मात्र नुसती बघून घेतली.

उघडल्यावर आणखी एक निघालं. दुसरी बॅटरी इंजिनाकडून चार्ज व्हावी म्हणून दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या वायरीला फ्यूज एकच होता, तोही इंजिनाकडे. मधे कुठे वायर घासून बॉडीला लागली असती तर दुसऱ्या बॅटरीचा करंट कोण अडवणार होतं? फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांपाशी लागतो. बिलात मात्र दोन फ्यूजचे पैसे लावले होतेच.

आता वायर घेताना दुकानातच टोक सोलून खरवडायला लावतो. काही दुकानदार तोंड वाकडं करतात, करू देत.

बिल घेऊन त्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. "माल असाच येतो वरून," म्हणाला. तासभर वाद घातल्यावर वायरीचे निम्मे पैसे दिले. बॅटरीबद्दल बोलायलाच तयार नाही. आणि माझी पहिली, धडधाकट बॅटरी एक्स्चेंजमध्ये आठशे रुपयांना त्यानेच नेली होती.