गुडघ्याची दोन दिवसांची कार्यशाळा: हात नीट तपासतात, प्रमाणपत्र मात्र सरसकट

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये फिजिओथेरपिस्टांसाठी ही शनिवार-रविवारची कार्यशाळा भरते. विषय दोन: गुडघ्याची तपासणी आणि दुखापतीनंतर खेळात परतण्याचे निकष. फी साडेचार हजार, त्यात दोन्ही दिवसांचं जेवण. एका बॅचला २४ जण आणि आठ प्लिंथ (तपासणीची टेबलं), म्हणजे एका प्लिंथवर तिघं: एक तपासणारा, एक पेशंट, एक बघणारा. हाताने शिकायच्या गोष्टींसाठी यापेक्षा मोठी बॅच उपयोगाची नाही. इथे ती मर्यादा खरोखर पाळतात, आणि फी वसूल होण्याचं निम्मं कारण तेच आहे.

कोल्हापुरात या विषयाची गरज वेगळी समजावून सांगायला नको. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की पाय वळून पडलेली पोरं ओपीडीत दिसू लागतात. तालमींतून गुडघा पिरगळलेले पैलवान तर वर्षभर येतात. यातले बरेच जण आधी कुणाकडून तरी गुडघा चोळून किंवा ‘बसवून’ घेतात आणि सूज उतरली की मग फिजिओकडे पोचतात. म्हणून पहिलं सत्र व्यायामाचं न ठेवता ‘कुणाला हात लावण्याआधी पुढे पाठवायचं’ याचं ठेवलंय, ते योग्य आहे. एक्स-रे कुणाचा काढायचा हे ठरवणारे ओटावा नियम तोंडपाठ करून घेतात: वय ५५ किंवा जास्त, फिब्युलाच्या (पोटरीतल्या बाहेरच्या बारीक हाडाच्या) डोक्यावर दाबल्यावर दुखणं, फक्त वाटीवरच दुखणं, गुडघा ९० अंश न वाकणं, दुखापतीनंतर लगेच आणि तपासतानाही चार पावलं न टाकता येणं. यातलं एक जरी असलं तरी आधी एक्स-रे. पोटरीचा घेर मोजायचा तो टिबियल ट्युबरॉसिटीच्या (गुडघ्याखाली नडगीवर लागणाऱ्या उंचवट्याच्या) खाली १० सेंटीमीटरवर. दोन्ही बाजूंत ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर शिरेत गुठळी नसल्याची खात्री होईपर्यंत मसाज आणि व्यायाम बाजूला ठेवायचा.

कार्यशाळेचा सगळ्यात भक्कम भाग म्हणजे लॅकमन टेस्टवर, म्हणजे गुडघ्यातल्या पुढच्या लिगामेंटच्या (एसीएलच्या) तपासणीवर, दिलेला जवळपास दीड तास. कॉलेजात ही टेस्ट सगळ्यांनी केलेली असते, पण बहुतेकांची चुकीची रुजलेली असते. गुडघा २० ते ३० अंशांत, बाहेरच्या हाताने मांडी स्थिर, आतल्या हाताने टिबिया (नडगीचं हाड) पुढे खेचायची, एवढं पुस्तकात असतं. प्रत्यक्षात गाडी अडते ती मांडीवर. पैलवानाची मांडी एका हाताच्या पकडीत मावत नाही, पकड सैल राहते, फीमरही (मांडीचं हाड) टिबियाबरोबर पुढे सरकतं आणि तपासणाऱ्याला वाटतं, काही हललंच नाही. यावर शिकवणारे आपला वाकवलेला गुडघा प्लिंथवर, पेशंटच्या मांडीखाली ठेवायला लावतात. मांडी त्यावर विसावते, वरून फक्त हाताने दाबून धरायची. दुसरी अडचण मांडीमागच्या स्नायूंची, हॅमस्ट्रिंगची. पेशंट घाबरला की हे स्नायू आवळले जातात आणि फाटलेलं एसीएलसुद्धा शाबूत भासतं. म्हणून खेचण्याआधी मांडीच्या मागून बोटं फिरवून स्नायू सैल आहेत का ते बघायचं, आणि चांगल्या पायापासून सुरुवात करायची. टिबिया किती मिलिमीटर सरकली यापेक्षा शेवटी ती टणक थांबते की मऊसर, यावर त्यांचा जास्त भर आहे आणि तो बरोबर आहे.

त्याच ओघात पीसीएलचा, म्हणजे गुडघ्यातल्या मागच्या लिगामेंटचा, सापळाही दाखवतात. पीसीएल गेलेलं असेल तर ९० अंशांत टिबिया आधीच मागे लटकलेली असते. अशा वेळी अँटिरियर ड्रॉवर (९० अंशांत टिबिया पुढे खेचायची टेस्ट) करताना ती मागून मधोमध येते, आणि आपण एसीएल गेलं असं लिहून मोकळे होतो. दोन्ही गुडघे ९० अंशांत ठेवून बाजूने नजर टाकायला दहा सेकंद लागतात. ते ड्रॉवरच्या आधी करायचं, नंतर नाही. पिव्हट शिफ्ट या एसीएलच्या आणखी एका टेस्टवर मात्र वेळ घालवलेला नाही. जाग्या, दुखऱ्या पेशंटमध्ये तिचा भरवसा कमीच, त्यामुळे तक्रार नाही.

मोजमापाचं सत्र तितकंच नेमकं आहे. गोनिओमीटरचा (सांध्याचा कोन मोजायच्या साधनाचा) मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या लॅटरल एपिकाँडाइलवर, स्थिर भुजा खुब्याच्या ग्रेटर ट्रोकँटरकडे, फिरती भुजा घोट्याच्या बाहेरच्या लॅटरल मॅलिओलसकडे. हाडांच्या खुणा बोटाने शोधून पेनने टिंब काढल्याशिवाय आकडा लिहूच देत नाहीत. चारपाच अंशांचा फरक मोजण्यातलाच असू शकतो, तेव्हा आठवड्यात तीन अंश वाढल्याची शाबासकी पेशंटला देऊ नये, हेही स्पष्ट सांगतात.

क्वाड्रिसेप्सची (मांडीच्या पुढच्या स्नायूंची) ताकद हँडहेल्ड डायनामोमीटरने (हातात धरायच्या जोर मोजणाऱ्या यंत्राने) मोजताना यंत्र नुसतं हाताने धरून ठेवलं तर बळकट पाय तपासणाऱ्यालाच मागे ढकलतो, आणि कागदावर येतो तो आपल्या हाताचा जोर. म्हणून यंत्र पट्ट्याने प्लिंथच्या पायाला जखडायचं, पेशंट बसलेला, गुडघा ९० अंश, तीन प्रयत्न. नुसते न्यूटन लिहून भागत नाही, सांध्यापासून यंत्रापर्यंतचं अंतरही लिहायचं: ४०० न्यूटन आणि ०.३० मीटर म्हणजे १२० न्यूटन-मीटर. वजन ७५ किलो असेल तर किलोमागे १.६. दुखापत झालेल्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किती टक्के ते काढून ९० आली की सुटलो, असं मानू देत नाहीत, कारण शस्त्रक्रियेनंतर चांगला पायही उतरतो आणि टक्केवारी फुगते. एका पायावरच्या उडीत पाय टेकल्यावर दोन सेकंद तोल राहिला तरच अंतर धरायचं. डेलावेअर-ऑस्लो अभ्यासाचे २०१६ मध्ये आलेले आकडेही इथे येतात: एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं लांबवलं, तितकं महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटलं. सहाव्या महिन्यात मैदानात उतरू द्या म्हणून मागे लागणाऱ्या फुटबॉल मंडळाच्या कार्यकर्त्यांपुढे ठेवायला हा आकडा कामी येतो.

उणीव कुस्तीत आहे, आणि कोल्हापुरात ती खटकते. सगळे निकष फुटबॉलपटूच्या पायाचे: पळणं, उडी, दिशा बदलणं. पैलवानाचा गुडघा पूर्ण दुमडून वजनाखाली फिरतो, तो जमिनीवर टेकून डाव मारतो, शेकड्यांनी बैठका काढतो. त्याला परत पाठवताना वजनासह पूर्ण बैठक, गुडघे टेकून उठणं आणि प्रतिस्पर्ध्याच्या ओढीखाली तोल, हे तपासायला हवं. याला एक स्लाइड आणि पाचेक मिनिटं, एवढंच मिळतं.

रविवारी दुपारी परीक्षा. पाच स्टेशनं, प्रत्येकी सात मिनिटं, समोर परीक्षक आणि हातात चेकलिस्ट. ही ओएससीई (स्टेशनांवर फिरून प्रात्यक्षिक परीक्षा देण्याची) पद्धत रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ मध्ये मांडली, आणि कौशल्य तोंडी न विचारता करून दाखवायला लावण्यासाठी तीच हवी. इतक्या छोट्या कोर्समध्ये ती ठेवण्याची तसदी घेतली, याबद्दल आयोजकांचं मनापासून कौतुक. परीक्षक स्टेशन संपल्यावर तिथेच एक मिनिट चूक दाखवतात, त्या मिनिटाची किंमत मोठी आहे.

पण गुणांची रचना सदोष आहे. सगळ्या पायऱ्यांना सारखे गुण. हात धुतले, नाव विचारलं, संमती घेतली, कपडा नीट सरकवला, की चार गुण झाले. पोटरीची सूज तपासायची राहिली तर जातो फक्त एक. सुरक्षिततेच्या पायऱ्या चुकल्या तर बाकी गुण कितीही असोत, ते स्टेशन नापास, असा नियम हवा. आणि खरी अडचण पुढे आहे: नापास कुणीच होत नाही. सगळ्यांना एकच प्रमाणपत्र, त्यावर ‘सर्टिफाइड’ हा शब्द ठळक. मॅन्युअल थेरपीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, आयएफओएमपीटीच्या मानकांत फक्त मार्गदर्शकाच्या देखरेखीखालचं पेशंटसोबतचं काम १५० तासांचं धरलंय. इथे चहा-जेवण धरून सोळा तास होतात. हजेरीचं एक आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्याचं एक, अशी दोन वेगळी प्रमाणपत्रं द्यायला आयोजकांना काहीच खर्च नाही. तोवर हे दवाखान्याच्या भिंतीवर लावून पेशंटला गुडघ्याचे तज्ज्ञ म्हणवून घेऊ नये.

क्रेडिट पॉइंट (परिषदेकडे धरले जाणारे पुढच्या शिक्षणाचे गुण) हवे असतील तर पैसे भरण्याआधी त्या तारखेच्या बॅचला महाराष्ट्र ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषदेची मान्यता मिळाली आहे का, हे पत्रासह मागा. ‘अर्ज केलाय’ हे उत्तर पुरेसं नाही. हाफ पँट, स्वतःचा गोनिओमीटर आणि मेजर टेप बरोबर न्या, तिथे ही साधनं अपुरी पडतात. गडहिंग्लज, निपाणीहून येणाऱ्यांना रविवारची परीक्षा संपायला साडेसहा होतात हे धरून परतीचं बघावं लागेल.

इंटर्नशिप नुकतीच संपवलेल्यांनी आणि गुडघे रोज बघणाऱ्या, पण हात कधी कुणाला दाखवून न घेतलेल्या जुन्या मंडळींनी ही कार्यशाळा जरूर करावी. फक्त तालमींच्या पैलवानांवर काम करणाऱ्यांनी कुस्तीचं सत्र वाढेपर्यंत थांबलं तरी चालेल. पाचपैकी साडेतीन.